सुधारक

चालू असलेली वस्तू ज्याला बघवत नाही, असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. पंखा फिरतोय, वारा देतोय, घरची माणसं घोरतायत. हा मात्र खाली उताणा पडून त्या पंख्याकडे टक लावून बघतो आणि म्हणतो, "बेअरिंग बदललं तर अजून हलका फिरेल." दुसऱ्या दिवशी पंखा जमिनीवर, बेअरिंग ह्याच्या हातात आणि घरची माणसं वाऱ्यासाठी ओट्यावर. बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारा कारागीर वेगळा. तो पैसे घेतो आणि जातो. हा पैसे घेत नाही आणि जातही नाही.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आमच्या वांगणीच्या वाट्याला जो आला, त्याला सगळे भाऊ म्हणतात. निवृत्त गुरुजी तेवढे त्याला 'सुधारक' म्हणतात. "आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला, त्यानं समाज थोडा तरी हलला. ह्याची बंदूक अजून पाटावरच आहे," असं ते चारचौघांत बोलतात. भाऊला राग येत नाही. तो फक्त शांतपणे दुरुस्ती करतो : "बंदूक नाही गुरुजी, मार्कर."

तर हा मार्कर. शहरातल्या कंपन्यांतली माणसं वर्षातून एकदा बसमध्ये बसून घाटावरच्या एखाद्या रिसॉर्टला जातात, तोंडाला मुखवटे लावतात आणि वर्षभर ज्याच्यासमोर मान खाली घातली त्या साहेबावर रंगाच्या गोळ्या मारतात. ह्याला पेंटबॉल म्हणतात, आणि गोळ्या मारायच्या बंदुकीला मार्कर. साहेबही हसत हसत गोळ्या खातो आणि पगारवाढीच्या वेळी कुणाची नेमबाजी चांगली होती ते आठवतो. भातकापणी उरकली की आमच्याकडची तरणी पोरं पोटासाठी डोंगर उतरतात. कुणी वीटभट्टीवर जातो, कुणी भिवंडीच्या गोदामात, कुणी वसईला बिगारीवर. भाऊ असाच एका रिसॉर्टच्या पेंटबॉल मैदानावर मदतनीस म्हणून लागला. मुखवटे धुवायचे, गोळ्या भरायच्या, टाकीत हवा भरायची, संध्याकाळी रंग पुसायचा. पुढे ते मैदान बंद पडलं. थकलेल्या पगारापोटी मालकानं भाऊच्या हातात एक बंद पडलेला इलेक्ट्रॉनिक मार्कर आणि एक हवेची टाकी ठेवली. दुसरा कुणी असता तर भांडला असता. भाऊ एसटीच्या खिडकीत बसून, लहान मूल मांडीवर घ्यावं तसा तो मार्कर घेऊन घरी आला. पगाराचं विचारलं तर वहिनींना म्हणाला, "पगार खर्च झाला असता. हे राहील."

राहिलं आहे, ह्यात शंका नाही.

भाऊकडे जाऊन "हे चालतं कसं?" असं विचारू नये. विचारलंच तर दुपार मोकळी ठेवून विचारावं. आधी गोणपाट अंथरलं जातं. त्यावर जुनं धोतर. मग ऍलन कीचा जुडगा, बिस्किटाच्या डब्यात मापाप्रमाणे पुड्या बांधलेल्या ओ-रिंगा, ग्रीसची डबी आणि टोकाला कापूस गुंडाळलेल्या बांबूच्या काड्या. मग एकेक स्क्रू निघू लागतो आणि भाऊचा आवाज कीर्तनकारासारखा मऊ होतो. चापामागे एक बारीक बटण असतं. चाप ओढला की बटण दबतं, बटण बोर्डाला सांगतं, बोर्ड सोलेनॉइडला वीज देतो, सोलेनॉइड हवेची वाट उघडतो, हवा बोल्टला ढकलते आणि बोल्ट गोळीला. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवायच्या आत. गोळी साधारण सव्वासतरा मिलिमीटरची, वर जिलेटिनचं पातळ कवच, आत पाण्यानं धुतला जाणारा रंग. कवच असं हवं की नळीत फुटू नये आणि माणसावर मात्र फुटावं.

"आणि हे डोळे," भाऊ म्हणतो आणि एवढ्याशा दोन काळ्या ठिपक्यांकडे बोट करतो. नळीच्या मागच्या तोंडाशी आरपार एक न दिसणारा किरण जातो. गोळी येऊन बसली की किरण अडतो. किरण अडला तरच बोर्ड हवा सोडतो. नाहीतर अर्धी आलेली गोळी बोल्टनं चिरडायची आणि आतच रंगपंचमी व्हायची. एकदा ह्या डोळ्यात भाताचं तूस अडकलं. बोर्डाला वाटलं गोळी बसलीय. चाप ओढावा तर नुसताच फाट फाट आवाज, बाहेर काही नाही. भाऊनं तीन दिवस बोर्ड तपासला, तारा तपासल्या, बॅटरी बदलली. शेवटी त्याच्या लेकीनं नळीत डोकावून फुंकर मारली. तेव्हापासून त्या पोरीला घरात 'टेक्निशियन' म्हणतात आणि भाऊ त्या विषयावर बोलत नाही.

बंद पडलेला मार्कर पहिल्याच उन्हाळ्यात चालू झाला, हे सांगितलं पाहिजे. एक तुटकी तार आणि फाटलेली ओ-रिंग, एवढाच दोष होता. इथे कारागीर असता तर थांबला असता. भाऊचं काम इथून सुरू झालं.

लंगोटी उंदरांनी कुरतडू नये म्हणून मांजर पाळणारा, मांजराच्या दुधासाठी गाय आणणारा, गाईसाठी संसार मांडणारा तो गोष्टीतला साधू सगळ्यांना माहीत आहे. भाऊची बोल्टची कथा तीच आहे. मूळ बोल्ट जड, म्हणून दणका बसतो, म्हणून हलका बोल्ट मागवला. हलक्या बोल्टला कमी दाब पुरतो, पण जुना रेग्युलेटर कमी दाबावर स्थिर राहीना. काटा हळूहळू वर सरकायचा. म्हणून नवा रेग्युलेटर. त्याचे आटे वेगळे, म्हणून मधे अडॅप्टर. अडॅप्टर लावला तर मार्कर दोन बोटं लांब झाला आणि मूठ हाताला बसेना, म्हणून मूठ बदलली. मुठीतली जागा कमी पडल्यानं बॅटरी मावेना. बॅटरी छोटी घेतली तर सोलेनॉइडला जोर मिळेना. जोर मिळेना म्हणून भाऊनं शांतपणे विचार केला आणि जड बोल्ट परत बसवला. हे सगळं करायला जो काळ लागला, त्यात आमच्याकडे पंचायतीची एक निवडणूक होऊन गेली.

चापाचं प्रकरण वेगळंच. इलेक्ट्रॉनिक मार्करचा चाप बोटाच्या नुसत्या स्पर्शानं चालावा, असं ह्या धंद्यात मानतात. भाऊनं स्क्रू फिरवून फिरवून तो इतका हलका केला की शेळीनं हुंगला तरी वाजे. एका संध्याकाळी खरंच वाजला. टाकीत हवा होती, तपासणीसाठी डोळे बंद ठेवलेले होते, नळीत गोळी नव्हती, नुसता आवाज. पण शेळी दोन दिवस दूध देईना. वहिनींनी त्या दोन दिवसांचा हिशेब मांडून दाखवला. भाऊनं चाप पाव फेरा घट्ट केला. त्याच्या आयुष्यातली उलट दिशेनं झालेली ही एकमेव सुधारणा.

मग बोर्डातली आकडेवारी. सोलेनॉइड किती वेळ उघडा ठेवायचा, हे मिलिसेकंदात ठरवता येतं. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तो वेळ दहा ठेवावा की अकरा, ह्यावर भाऊचा एक अख्खा श्रावण गेला. बाहेर पाऊस कोसळतोय, लावणीची माणसं चिखलात उभी आहेत, आणि हा दारात बसून बटण दाबतोय, हिरवा दिवा मोजतोय. "दहाला गोळी थोडी दमते," तो म्हणाला, "आणि अकराला हवा वाया जाते." साडेदहाची सोय त्या बोर्डात नव्हती. त्याला नवा बोर्ड हवा होता.

इथे कुरिअरचा प्रश्न येतो, आणि वांगणी दोन असल्याचा त्रास ज्यानं भोगलाय त्यालाच तो कळेल. एक आमची, पालघर जिल्ह्यातली. दुसरी मध्य रेल्वेवर बदलापूर आणि शेलूच्या मधे, ठाणे जिल्ह्यातली, स्टेशन असलेली, लोकल थांबणारी, आणि म्हणून जगाला ठाऊक असलेली. २०२१ साली तिथल्या फलाटावरून रुळांवर पडलेल्या पोराला मयूर शेळके नावाच्या पॉइंट्समननं धावत जाऊन वाचवलं, तेव्हा ती सगळ्या देशाला ठाऊक झाली. आमची वांगणी अजून कुणाला ठाऊक झालेली नाही. त्यामुळे भाऊचं पार्सल परदेशातून समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत सुखरूप येतं आणि मग न चुकता रेल्वेच्या वांगणीला जातं. तिथून फोन येतो, "स्टेशनच्या कुठल्या बाजूला राहता?" भाऊ सांगतो, आमच्याकडे स्टेशन नाही. पलीकडचा माणूस म्हणतो, "मग वांगणीला कशाला राहता?" ह्याला उत्तर नाही. बोर्ड तीनदा परत गेला. चौथ्यांदा भाऊ स्वतः निघाला. जव्हारहून एसटीनं भिवंडी, भिवंडीहून कल्याण, कल्याणहून लोकल. रात्री पार्सल उराशी धरून आला. उघडलं तर बोर्ड दुसऱ्याच मॉडेलचा. आपण असतो तर कपाळाला हात लावला असता. भाऊच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "बसत नाही," तो म्हणाला, "बसवावा लागेल."

पण ज्या गोष्टीनं भाऊला खरं अडवलं ती म्हणजे हवा. आमच्याकडे फुकट मिळणारी आणि चांगली असलेली ही एकच वस्तू. पावसाळ्यानंतर शहरातली माणसं ती खायला दाभोशाच्या धबधब्यापर्यंत येतात. पण मार्करला ती कोंबलेली लागते. टाकीत साडेचार हजार पीएसआय दाबानं. मोटारीच्या चाकात असतो तीसच्या आसपास. एवढी हवा भरायला वेगळा कॉम्प्रेसर लागतो, पाणबुड्यांच्या टाक्या भरतात तसला. तो मालवणला बुडी मारणाऱ्या पर्यटकांसाठी आहे, रिसॉर्टवर होता, जव्हार-मोखाड्यात कशाला असेल? पहिल्या वर्षी टाकी भरायला भाऊ जुन्या मालकाकडे गेला आणि भरलेली टाकी घेऊन एसटीत चढू लागला. कंडक्टरनं विचारलं, ह्यात काय? "हवा," भाऊ म्हणाला. कंडक्टरनं आयुष्यात पुष्कळ ऐकलेलं होतं, पण हे नव्हतं. त्यानं भाऊला टाकीसकट खाली उतरवलं. बरोबरच केलं. इतक्या दाबाची टाकी गर्दीच्या गाडीत न्यायची वस्तू नाही, आणि शुद्धीत असताना भाऊही हे मान्य करतो.

मग पंक्चरवाला. जव्हारच्या रस्त्यावर एक पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या कॉम्प्रेसरची हवा जेमतेम दीडशे पीएसआय. साडेचार हजारांसमोर ही म्हणजे उसासाच. पण भाऊनं हिशेब केला. टाकीत साडेचार हजार असले तरी टाकीच्या तोंडाशी तो दाब उतरून आठशेच्या आसपास येतो, मार्करचा रेग्युलेटर तो अजून उतरवतो, आणि त्याच्या जातीचा मार्कर शेवटी दीडशेच्या आतबाहेर चालतो. म्हणजे आधी कोंबायची आणि मग उतरवायची, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ पंक्चरवाल्याची नळी लावली तर? त्यानं आटे जुळवले, रबरी नळी जोडली, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, सगळ्यांना दहा हात मागे उभं केलं आणि चाप ओढला. गोळी गेली! समोरच्या पत्र्यावर भगवा ठिपका उमटला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंक्चरवाल्यानं विचारलं, "एका चाकाचे घेऊ की दोन?"

हा भाऊच्या कारकिर्दीतला सोन्याचा दिवस. अडचण एवढीच की नळी तीस फुटांची होती. युद्ध करायचं झालं तर शत्रूनं पंक्चरच्या दुकानाजवळ यायला हवं, आणि लाईट असताना यायला हवं.

ह्या सगळ्यात भाऊ कुणाशी खेळला, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. तो आमच्याही मनात येतो. पेंटबॉलला किमान दोन मार्कर लागतात. वांगणीत एक आहे, आणि तो बहुतेक वेळा सुटा आहे. एकदा मी हे बोलून दाखवलं. भाऊनं माझ्याकडे असं बघितलं, जसं तंबोरा जुळवणाऱ्याला कुणी 'गाणं कधी?' असं विचारावं. "आधी तयार तर होऊ दे," तो म्हणाला. त्याचा मार्कर सेकंदाला पंधरा गोळ्या मारू शकतो. मोठ्या स्पर्धांत सुरक्षेसाठी हा वेग सेकंदाला दहाच्या आसपास बांधून ठेवतात, हेही तो अभिमानानं सांगतो. म्हणजे जगातल्या स्पर्धकांना परवानगी नाही इतका त्याचा मार्कर वेगवान. वर्षाला किती गोळ्या मारतो, ते विचारू नये.

गोळ्यांचंही दुखणं आहे. जिलेटिन दमट हवेत फुगतं. आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट नसते, हवेच्या जागी पाणीच असतं. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या गोळ्या फुगून लाडवांसारख्या एकमेकींना चिकटल्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं त्या तांदळाच्या कणगीत पुरून ठेवल्या, तांदूळ ओल शोषतो म्हणून. एक गोळी आत फुटली. त्या आठवड्यात भाऊच्या घरी निळा भात शिजला. म्हातारी आई जेवायला बसली, ताटाकडे बघितलं, लेकाकडे बघितलं, आणि उठून थोरल्या मुलाकडे राहायला गेली. दिवाळीला परत आली.

म्हणून करवंदं. ही कल्पना मात्र मला मनापासून आवडली. वैशाखात आमच्या डोंगरात करवंदाच्या जाळ्या काळ्या होतात. बायाबापड्या पानांच्या द्रोणात भरून रस्त्याकडेला विकायला बसतात. पिकलेलं करवंद गोल, रसाचं, डाग असा पडतो की सदरा फाटेल पण डाग जाणार नाही. देवानं पेंटबॉल आधीच बनवून ठेवला होता, आपण उगाच परदेशातून मागवत होतो, असं भाऊला एका पहाटे सुचलं. गोळी नळीच्या मापाची असायला हवी. सैल झाली तर हवा बाजूनं निसटते, घट्ट झाली तर फुटते. ह्याची परीक्षा सोपी आहे. गोळी नळीत टाकायची. खाली घरंगळली तर बाद, जागेवर अडून राहिली आणि तोंडानं फुंकल्यावर निघाली तर योग्य. भाऊनं दोन टोपल्या करवंदं अंगणात ओतली आणि एकेक करवंद नळीत टाकून फुंकायला बसला. बारीक ती डावीकडे, मोठी ती उजवीकडे, बरोबर मापाची ती मधल्या परातीत. दुपारपर्यंत परातीत मूठभर करवंदं जमली. तो पाणी प्यायला आत गेला. बाहेर आला तर परात रिकामी आणि वाडीतली पोरं जांभळ्या तोंडांनी रांगेत उभी. त्यांच्या मते, चांगली करवंदं निवडून ठेवली होती ती त्यांच्यासाठीच.

डावीकडच्या ढिगातली काही घेऊन प्रयोग झाला. करवंदाला चीक असतो, हे जाळीत हात घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. भाऊलाही माहीत होतं, पण बोर्डाला माहीत नव्हतं. पहिलंच करवंद नळीत फुटलं. चीक बोल्टवर, चीक ओ-रिंगांवर, आणि त्या दोन डोळ्यांना तर मोतीबिंदू व्हावा तसा पांढरा पडदा. सबंध मार्कर खोलून रॉकेलनं पुसावा लागला. आम्हाला वाईट वाटलं. भाऊ मात्र गोणपाट अंथरताना गुणगुणत होता.

त्याला कामाला लावायचा प्रयत्न गावानं एकदा केला. नाचणी आणि वरई कणसावर आली की रानडुकरं येतात. रात्र-रात्र माळ्यावर बसून राखण करावी लागते. कुणीतरी म्हणालं, भाऊची बंदूक आहे की. (भाऊ : "मार्कर.") ठरलं. भाऊ संध्याकाळीच माळ्यावर चढला. बरोबर टाकी, त्यात कुठून तरी भरून आणलेली हवा, गोळ्यांचा हॉपर, हत्यारं आणि रात्री लागली तर म्हणून ग्रीसची डबी. मध्यरात्री डुकरं आली. शेजारच्या माळ्यावरचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, मार." भाऊनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग पिवळा. मग परत लाल. "थांब," भाऊ कुजबुजला, "डोळे गोळी बघत नाहीत." डुकरं नाचणी खात होती. भाऊनं बॅटरीच्या उजेडात ऍलन की काढली. डुकरांनी एक ओळ संपवून दुसरी धरली. शेजाऱ्यानं आणखी एक घटका वाट बघितली आणि मग तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवला. डुकरं गेली. सकाळी शेताचा मालक नुकसान बघत उभा होता, त्याच्या शेजारी उभं राहून भाऊ म्हणाला, "डब्यात सुधारणेला वाव नाही रे. तोच त्याचा तोटा."

माझं मत असं की हा माणूस गावाला परवडतो. सांगतो का ते. माकडं पळवायला म्हणून पीव्हीसी पाइप, कार्बाइड आणि गॅसचा लायटर जोडून केलेल्या बंदुका मधल्या काळात सगळीकडे आल्या. आत पाणी शिंपडायचं, कार्बाइडचा गॅस होतो, लायटर दाबायचा, धडाम. स्वस्त, दणकेबाज, आणि उडाली नाही म्हणून पोरं नळीत डोळा लावून बघतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ह्याच बंदुकांनी शेकड्यानं लोकांचे डोळे जखमी केले, त्यात बहुतेक पोरं. आमच्या वाडीतही एकानं पाइप आणला होता. भाऊ तिथे गेला, पाइप हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "ह्यात सुधारणा करतो, मग वाजवू." पोरं खूश. पाइप आजही भाऊच्या पडवीत सुटा पडलेला आहे. पोरं विचारून विचारून थकली आणि क्रिकेट खेळायला गेली. भाऊनं हे मुद्दाम केलं की स्वभावानं झालं, हे मला सांगता येणार नाही. पण स्वतःच्या मार्करला हात लावण्यापूर्वी तो बघ्यांच्या डोळ्यांवर चष्मे चढवतो, नळीच्या तोंडावर कापडाची पिशवी बांधतो, आणि चष्मा नसेल त्याला अंगणाबाहेर काढतो, मग तो सरपंच का असेना.

वेग मोजायलाही ह्याच कारणानं तो हट्टी आहे. गोळीचा वेग सेकंदाला तीनशे फुटांच्या वर जाता कामा नये, त्याच्या वर माणसाला इजा होते. वेग मोजायचं यंत्र त्याच्याकडे नाही. त्यानं तीस फुटांवर वहिनींची पितळी परात टांगली आणि मोबाइलवर आवाज टिपला : एक मार्करचा, एक परातीचा. दोन आवाजांमधलं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी आलं तर वेग जास्त. परातीचा आवाज कानापर्यंत यायला लागणारा वेळसुद्धा तो वजा करतो. हे गणित त्यानं मला वहीवर करून दाखवलं आणि ते चोख होतं. परात आता कणकेसाठी वापरता येत नाही. ती उपकरण आहे.

ह्या खेळाचा इतिहास भाऊला तोंडपाठ आहे. मूळ हत्यार खेळण्याचं नव्हतंच. अमेरिकेत नेल्सन नावाची रंगाची कंपनी होती. जंगलात तोडायची झाडं आणि कळपातली गुरं लांबूनच रंगवून ठेवता यावीत म्हणून १९७०च्या आसपास तिच्यासाठी रंगाच्या गोळीचं पिस्तूल बनलं. आमच्याकडे हेच काम वनखात्याचा माणूस झाडापर्यंत चालत जाऊन हातोड्याच्या शिक्क्यानं करतो. भाऊनं ही हकिगत एका वनरक्षकाला सांगितली आणि मार्कर पुढे केला : "साहेब, हे मूळचं तुमच्याच खात्याचं." वनरक्षकानं तो हातात घेतला, वजन बघितलं, तीस फुटांची नळी बघितली, आणि झाडापर्यंत चालत जाणंच सोपं आहे असं म्हणाला. पुढे २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा मित्र ही पिस्तुलं घेऊन उतरले. चौक्यांवरचे झेंडे गोळा करायचे, अंगावर रंग न पडता बाहेर यायचं. जगातला पहिला पेंटबॉलचा खेळ. भाऊ इथे थांबतो.

पुढची गोष्ट मी वाचली होती. तो खेळ जिंकला रिची व्हाइट नावाच्या, जंगलात काम करणाऱ्या माणसानं. झाडाझुडपांतून चालायची सवय होती, कुणाला दिसलाच नाही, सगळे झेंडे घेऊन बाहेर आला. आणि त्यानं अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही. आमच्या रानात लहानाचा मोठा झालेला कुठलाही पोरगा हे करून दाखवेल, मार्कर न घेता. मला वाटलं, हे ऐकून भाऊ जरा विचारात पडेल.

पडलाही. ऍलन की खाली ठेवून बराच वेळ तो समोरच्या डोंगराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकही नाही? म्हणजे त्याची ओ-रिंग गेली असणार."

सध्या भाऊचं काम एका स्प्रिंगवाचून अडलंय. रेग्युलेटरच्या आतली, करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग आहे. जुनी ताणून ताणून थकली. मुंबई-पुण्याकडच्या कुणा वाचकाच्या घरी अडगळीत पेंटबॉलचा मोडका मार्कर पडला असेल, तर त्यातली ती स्प्रिंग काढून आम्हाला पाठवावी. पत्त्यात 'जिल्हा पालघर' मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर भाऊला पुन्हा लोकल पकडावी लागेल. गोळ्या पाठवल्या नाहीत तरी चालतील.